फुईची वही

धुळ्याहून शहाद्याला जाणारी बस सारंगखेड्याच्या स्टँडवर आली तेव्हा अर्धी रिकामी झाली आणि तेवढीच भरली. यात्रेचे दिवस होते. घोडे ट्रकमधून येतात, पण घोडे बघणारी माणसं बसनेच येतात आणि बहुधा सगळी एकाच बसने येतात. मला एका तरुणाशेजारी जागा मिळाली. त्याच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला कसलासा लोखंडी भाग होता आणि त्यावर, ऑइल लागू नये म्हणून दोन बोटांनी उचलून धरलेली, गुलाबी टोपड्याची पिशवी.

मी पर्समधून वही काढली आणि मांडीवर उघडली. माझ्या भावाला, लखनदादाला, आदल्या दिवशी मुलगी झाली होती, शहाद्याच्या दवाखान्यात. मी तिची एकुलती एक फुई, म्हणजे आत्या. आमच्याकडे बाळाचं नाव फुई ठेवते. आई नाही, बाप नाही, आजीही नाही. मोठमोठी माणसं तोंड उघडायच्या आधी फुईकडे बघतात. हा अधिकार आयुष्यात फार थोड्या वेळा मिळतो, आणि मी तो अंदाजपंचे वापरणार नव्हते.

शिवाय मी गावातल्या सेवा केंद्रात काम करते. दिवसभर लोकांची नावं टाइप करते. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि त्या दोघांमध्ये अडकलेलं माणूस माझ्यासमोर बाकावर बसलेलं, हे मी रोज बघते. म्हणून मी नाव सुटं धरत नाही, पूर्ण धरते. आता तर नियमही बदललाय. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मधे एक नाव असायचं तिथे दोन आली. नुसतं गोड नाव घेऊन भागत नाही, ते पुढच्या दोघांबरोबर नांदलं पाहिजे. मी वहीत फॉर्मसारखे चार रकाने आखले होते. गुरुजींनी अक्षर ‘न’ काढून दिलं होतं. पहिल्या ओळीत मी लिहिलं होतं : नव्या, दिपाली, लखन, पाटील.

“नव्या नको,” शेजारचा म्हणाला. “आमना म्हसावदमा चार नव्या शेतस.”

मी त्याला विचारलं, तुम्हाला कोणी विचारलं का. तो म्हणाला, “नही. पन वही मन्हाकडे उघडी शे.”

मी वही तिरकी केली. मग त्याने खिडकीतून बाहेर बघितलं, केळीचे दोन-तीन मळे मागे गेले, आणि एकदम त्याने विचारलं की पोर कशी आहे. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. लोक बाळाचा फोटो बघून छान म्हणतात आणि मोबाइल परत देतात. हा बघतच राहिला. शेवटी मला तो त्याच्या हातातून काढून घ्यावा लागला.

शहाद्यापर्यंत आमचं भांडण झालं. मी निहारिका म्हटलं, तो म्हणाला फार लांब, शाळेत पोरं ‘निहा’ करून टाकतील. मी नंदिनी म्हटलं, तो म्हणाला त्याच्या घरच्या गाईचं तेच नाव आहे. त्याने सुचवलेली दोन नावं मी रकान्यात बसवून दाखवली आणि ती कशी अडखळतात ते वाचून दाखवलं. तो हसला. हसताना त्याची डावी भुवई आधी वर जात होती, हे माझ्या उगाचच लक्षात आलं.

स्टँडवर उतरले तर तोही मागोमाग. दवाखान्याच्या गल्लीत वळले तर तोही वळला. पायरीशी थांबून मी त्याला सांगितलं की इथपर्यंत आलात तेवढं पुरे, आता परत फिरा. तो फक्त बाजूला झाला आणि मला पुढे जाऊ दिलं. वर खोलीत मी वहिनीच्या खाटेशी पोचते न पोचते तोच वहिनी दाराकडे बघून रडायला लागली. “अजू,” ती म्हणाली.

तर तो अजित चौधरी. दिपालीवहिनीचा धाकटा भाऊ. बाळाचा मामा.

मी त्याला कधी पाहिलं नव्हतं याचं कारण सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी वहिनीच्या वडिलांनी, शांतीलालभाऊंनी, तिचं दुसरीकडे जमवलं होतं. साखरपुड्याची तारीख ठरली त्याच आठवड्यात ती आणि दादा नंदुरबारला जाऊन लग्न नोंदवून आले. जातीचा प्रश्न नव्हता, दोन्ही घरं गुजरांचीच. पण शांतीलालभाऊंनी त्या दिवसापासून मुलीचं नाव टाकलं. टाकलं म्हणजे खरोखरच टाकलं, ते तोंडातून काढलं नाही. घरात बोलायची वेळ आली तर ‘ती’ म्हणायचे. अजित तेवढा शेतात जाऊन बहिणीला फोन करायचा. बाळ झाल्याचं त्याला धुळ्यात कळलं, पाण्याच्या मोटरचा भाग आणायला गेला होता तेव्हा. टोपडं त्याने तिथेच घेतलं.

मी त्याला दवाखान्याच्या जिन्यात गाठून विचारलं, बसमध्ये सांगितलं का नाही म्हणून. वहीत नावं वाचल्यावर तर कळलंच होतं.

“सांगं असतं तं तुम्ही पाव्हनासारखं बोलत्यात,” तो म्हणाला. “माले ते नको व्हतं.”

पाचव्या दिवशी वहिनी बाळाला घेऊन सारंगखेड्याला आमच्या घरी आली, आणि अजितला घोड्यांचं वेड लागलं. निदान तो तसं सांगायचा. यात्रेत घोडे बघायला आलो, जाता जाता भाचीला बघून जातो. एकदा मी विचारलं, आज कुठला घोडा आवडला, तर म्हणाला, पांढरा. यात्रेत शेकड्याने पांढरे घोडे होते.

नावाचा घोळ मात्र खरा होता. माझी परीक्षा रकान्यांची, त्याची हाकेची. त्याचं म्हणणं असं की नाव कागदावर वर्षातून दोनदा लागतं आणि हाक दिवसातून वीसदा. केळीच्या मळ्याच्या एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला पोचली पाहिजे. मी म्हटलं, मळा कुठे आहे इथे. तर तो मला आणि माझ्या वहीला यात्रेत घेऊन गेला.

जिलेबीच्या दुकानापुढे उभं राहून त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ‘नव्याऽऽ’ अशी हाक दिली. चार मुलींनी माना वळवल्या. एक तर आईचा हात सोडून आमच्याकडे यायला निघाली. तिच्या आईने आमच्याकडे जे बघितलं ते मला इथे लिहिता येत नाही. मी वही उघडली आणि नव्या खोडलं. ‘नित्या’ला दोघी वळल्या. ‘निहारिका’ म्हणताना त्याचा श्वासच संपला. ‘नीरजा’ म्हटलं तेव्हा कोणीच वळलं नाही, पण पलीकडच्या रांगेतल्या एका घोड्याने कान टवकारले. मी नीरजा, दिपाली, लखन, पाटील अशी ओळ लिहिली आणि मनात दोनदा वाचून बघितली. अडखळत नव्हती. तरी मी लगेच कबूल केलं नाही.

परत येताना पुलाकडून वारा येत होता. थंडी होती. त्याने विचारलं, यादी संपली का. मी म्हटलं संपली.

“एक राही गयं,” तो म्हणाला, आणि अगदी हळू म्हणाला, “यामिनी.”

मी म्हटलं, माझं नाव इतक्या हळू घेतलं तर मळ्याच्या दुसऱ्या टोकाला कसं ऐकू जाणार.

“हाई नाव हाक माराले चालत नही,” तो म्हणाला. “जवळ बसीसनच लेनं पडस.”

 घर येईपर्यंत दोघंही समोर बघून चालत होतो… आणि मला तो आवडतो हे मला तेव्हा पक्कं कळलं. फॉर्ममध्ये एखादा रकाना आपोआप भरलेला दिसतो ना, तसं.

आईला माझ्याआधीच कळलं होतं. मीनाबाई पाटील या बाईपासून काही लपत नाही. बाबा गेल्यापासून ती एकटीने घर चालवते, तिची नजर तयार आहे. दुसऱ्या दिवशी लाडू वळता वळता तिने मला तिच्या मावशीच्या घरची हकिगत सांगितली. तिथे साटंलोटं झालं होतं. या घरची मुलगी त्या घरात, त्या घरची या घरात. एक सून रुसून माहेरी गेली की तिच्या नवऱ्याच्या बहिणीलाही त्याच संध्याकाळी बॅग भरून पाठवायचे, तिचं काही चुकलेलं असो वा नसो. शेवटी दोन्ही घरं मोडली, आणि दुसरं घर तर भांडणावाचून मोडलं. आई म्हणाली, दिपालीने आपल्यासाठी माहेर सोडलंय. तिचं घर तुझ्या नवऱ्याच्या रागालोभावर टांगायचं का? एवढं बोलून ती पुढचा लाडू वळायला लागली.

 वहिनी आत बाळाला पाजत होती. मला अजित हवा होता, आणि तो मिळवताना वहिनीच्या संसाराला धक्का लागला असता तर मला तो नको होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

त्या संध्याकाळी अजित जेवायला बसला आणि मी नावावरून त्याच्याशी मुद्दाम भांडले. निहारिकाच ठेवणार म्हटलं. मामाचा या बाबतीत संबंध काय, असंही म्हटलं. तो अर्ध्या ताटावरून उठला. दाराशी गेला, परत आला, आणि विचारलं, खरं काय झालंय. मी त्याला ओसरीवर आईने सांगितलेलं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की बारशाला येईन तर बाबांना घेऊनच येईन, नाहीतर येणार नाही. निदान बहिणीचं तरी मार्गी लागू दे. आमच्याबद्दल एक शब्द बोलला नाही. विचारलंही नाही.

त्यानंतर चार दिवस त्याचा फोन नाही. सेवा केंद्रात दुपारी वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडले, आणि समोर वही होती. मी नवीन पान उघडलं. आपलं आपण हसत, कोणी नाही ना बघून, लिहिलं : इशिता, यामिनी, अजित, चौधरी. छान बसलं. खाली आणखी दोन लिहिली. नावं बदलली, पुढचे तीन रकाने तेच ठेवले. मग मला रडू आलं, आणि तेवढ्यात वीजही आली.

बाराव्या दिवशी सकाळी ते पान फाडायचं मी ठरवलं होतं. नीरजा हे नाव वहिनीला सांगून झालं होतं, तिला आवडलं होतं, त्याची ओळ मी आधीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिली होती. फाडण्याआधी एकदा वाचावं म्हणून ते पान उघडलं. तोच आईने हाक मारली, पाळण्याची दोरी बांधायला. मी पेन पानात ठेवलं, वही मिटली आणि गेले.

बायका जमल्या होत्या. घुगऱ्यांची परात झाकून ठेवली होती. आणि दारात मोटरसायकल थांबली. अजितच्या मागून शांतीलालभाऊ उतरले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, काठी नसूनही काठी असल्यासारखी चाल. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. वहिनी पाळण्याशी उभी होती, तिच्याकडे तर नाहीच. दादाने पुढे होऊन पाया पडून सतरंजीवर बसवलं. त्यांना मान कसा द्यावा हे कोणालाच सुचेना. शेवटी दादा म्हणाला की फुई कानात नाव सांगेल आणि तुम्ही सगळ्यांना वाचून दाखवा. आईने लगबगीने माझी वही आणून त्यांच्या हातात दिली.

मी पाळण्यावर वाकले होते. बाळाच्या कानाशी कुर्रर्र करून मी ‘नीरजा’ म्हटलं, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. त्या गलक्यात शांतीलालभाऊंनी चष्मा लावला, पेन ठेवलेलं पान उघडलं आणि तलाठ्याच्या चावडीत वाचतात तसं रकान्यासकट वाचलं. बाळाचे नाव, इशिता. आईचे नाव, यामिनी. वडिलांचे नाव, अजित. आडनाव, चौधरी.

धपाटे थांबले.

“हाई कोनी पोर?” मागून गुलाबबाईंनी विचारलं. त्या शेजारी राहतात आणि त्यांना थोडं कमी ऐकू येतं, पण तेवढं नेमकं ऐकू आलं होतं. अजित घुगऱ्यांची परात घेऊन आतून येत होता, तो उंबऱ्यातच थांबला. मी वर बघितलंच नाही.

शांतीलालभाऊंनी ओळ पुन्हा मनात वाचली. खालच्या दोन ओळीही वाचल्या. मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, “हाई पोर कव्हय व्हयनी?”

“अजून नही,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला आणि वहीवर बोट टेकवलं. “मन्ही पोरना लगननं माले गावनी सांगं,” ते म्हणाले. “पोऱ्यानं आते हाई वहीनी सांगं. तुम्ही कोनी माले इचारतस का नही?”

त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट शेवटी तो खाली गेला. मला वाटलं होतं हा माणूस दोन वर्षं रागात आहे. तो रागात नव्हता, त्याला लागलं होतं. वहिनी पाळण्याची दोरी धरून म्हणाली, “बाबा, मन्हं चुकनं.” त्यांनी ऐकलं, पण तिच्याकडे मान वळवली नाही.

मी उभी राहिले. पाठ दुखत होती. मी त्यांना सांगितलं की यात तुमच्या मुलाचा दोष नाही. त्याने मला विचारलेलंच नाही. मीच फॉर्म भरून ठेवला, आणि तोही फाडणार होते.

ते अजितकडे वळले. “इचार मंग. आठेच. मन्हा समोर.”

अजितने परात खाली ठेवली. हात सदऱ्याला पुसले. कान लाल झाले होते. “मन्हासंगे लगन करशी का?” त्याने विचारलं. तो माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलला होता.

मी आईकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आईने पदर खोचला. “तुम्हनं भांडन व्हयनं तं?” ती म्हणाली. “ते दिपालीना घरलोंग येवाव.”

“आम्ही अकरा दिन भांडनूत, माय,” मी म्हटलं. “तो ताटवरथून उठी गया. तू वहिनीले एक लाडू तरी कमी दिधा का?”

 आईने वहिनीकडे बघितलं. वहिनीने डोळे पुसत मान हलवली, नाही म्हणून. कमी तर नाहीच, त्या रात्री आईने तिला एक लाडू जास्त दिला होता, भाऊ उपाशी गेला म्हणून ती रडत होती तेव्हा. हे आईला आठवलं असावं. तिचा चेहरा सैल पडला.

“आधी हाई पोरनं नाव वाचा,” ती शांतीलालभाऊंना म्हणाली. “कव्हयनी पडेल शे बिचारी.”

शांतीलालभाऊंनी चष्मा पुन्हा लावला. पान मागे उलटलं. बाळाचे नाव, नीरजा, असं वाचलं. मग आईचे नाव म्हणाले आणि थांबले. बायका थांबल्या, दादा थांबला, वहिनीची दोरी थांबली. पुढचा रकाना गाळून वडिलांच्या नावावर जाता आलं असतं. पूर्वीच्या नियमात तर तो रकानाच नव्हता.

“दिपाली,” ते म्हणाले.

वहिनीने तोंडावर पदर घेतला. त्यांनी वही सतरंजीवर ठेवली, पुढचं वाचायचं राहूनच गेलं. उठून पाळण्याशी गेले आणि बाळाकडे बघत, पण वहिनीच्या डोक्यावर हात ठेवून, पुन्हा एकदा तेच नाव घेतलं. लखन आणि पाटील दादाने स्वतःच वाचून टाकलं, कारण कोणीतरी ते पूर्ण करायला हवं होतं.

मग घुगऱ्या वाटल्या गेल्या आणि पानं मांडली गेली. अजित अजून तिथेच, उंबऱ्याशी, हात बाजूला सोडून उभा होता. आई दोन्ही हातांत ताटं घेऊन त्याच्यासमोरून गेली आणि थांबली.

“बठ,” ती म्हणाली. “जवाईले असं उभं ठेवतस नही.”

तो बसला. सगळ्यांचं बोलणं एकदम सुरू झालं. गुलाबबाई कोणाला तरी सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायला लागल्या. मी अजून हो म्हटलेलंच नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या मात्र आलं होतं. तो भाताला हात न लावता माझ्याकडे बघत होता. मी वरणाचं भांडं घेतलं, ओळीने वाढत वाढत त्याच्या पानापर्यंत आले, आणि वाकून त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात हो म्हटलं.